गुरुवारचं पाणी

मी अजून पाण्यात होते आणि त्यांनी व्हॉल्व्ह सोडला.

आधी मला कळलंच नाही. तोंड खाली, कान पाण्यात. एक हात पुढे ताणून तसाच ठेवायचा, दुसरा मागून फिरून त्याला येऊन टेकला की मगच पहिल्याने पाणी ओढायचं, असा सराव चालला होता. हा सराव करताना दुसरं काही सुचत नाही. घाई केली की अंग वाकडं होतं. खोल बाजूच्या भिंतीशी पोचले आणि हात वर केला, तर कठडा हाताला लागेना. पाहिलं तर निळ्या फरशीची सगळ्यात वरची ओळ उघडी पडलेली. तळातून घरघर येत होती, मोरीतून पाणी जाताना येते तशी.

मी गॉगल कपाळावर सरकवला. पलीकडे व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी किसनदादा उभा होता. तो इथला कामगार. हातात लोखंडी चावी. माझ्याकडे बघत नव्हता. छत्रीखाली खुर्चीत या पोहायच्या टाकीच्या मालकीणबाई बसल्या होत्या आणि फोनवर कोणाला तरी सांगत होत्या.

"या की उद्या सकाळच्याला. पोरींना पन आना. पानी आत्ता सोडलंच हाय. ती हाय अजून आत, तिचं उरकत आलंय. सकाळपत्तूर टाकी नवी भरती."

ती म्हणजे मी.

मला नाव आहे. मालकीणबाईंना ते माहीत आहे. आळेफाट्यावर ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथेच त्यांची सून बाळंत झाली. पोर निळसर पडलं होतं, रडत नव्हतं. डॉक्टर बाळंतिणीकडे गुंतले होते. पोराला पुसलं मी, त्याची पाठ चोळली मी, तळपायाला टिचक्या मारल्या मी. ते रडलं तेव्हा दाराबाहेर या बाई उभ्या होत्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले होते. त्यांच्या नातवाला जगात आल्यावर पहिला हात लागला तो माझा. तेव्हा त्या हाताचं गाव कुठलं, आडनाव काय, हे त्यांनी विचारलं नाही. गरज नव्हती.

ते त्यांनी विचारलं वर्षभराने, मी पोहायला आले तेव्हा.

माझी कंबर गेली होती. लेबर रूममध्ये उभं राहून राहून बहुतेक नर्सची जाते, तशी. आमचे डॉक्टर म्हणाले, सिस्टर, गोळ्या किती दिवस खाणार, पोहायला लागा. आमच्या भागात पोहायला जायचं म्हणजे विहीर नाहीतर कालवा, आणि तिथे बाई माणसाने उतरायचं ते फक्त धुणं घेऊन. पण आळ्याच्या रस्त्याला या बागाईतदारांनी लग्नाचं लॉन केलं आणि त्याच्या मागे स्विमिंग टँक बांधला. सकाळी सहाला बायकांची बॅच, तिला बाई ट्रेनर. गेटवर मोठा फलक, सर्वांसाठी खुला. मी सर्वांमध्ये येते असं मला वाटलं.

"आरं देवा, सिस्टर तुमी. या, बसा," बाई म्हणाल्या. चहा सांगितला. मग वही पुढे ओढली. "आडनाव काय लिवू?"

मी सांगितलं.

पेन थांबलं. "गाव कोनतं म्हनलात?"

गावही सांगितलं.

"म्हंजी वाडीवरच्या का तुमी. ठाकर?"

"हो."

"हां. तसं काय नाय. आमी असलं काय मानीत नाय बरं का, आमच्या घरात न्हाईच ते. पन बाकीच्या बायका येत्यात ना, त्या बोलत्यात. अंगाला खाज उठली, केस गळालं, कायबी कारन काढत्यात. तुमाला कशाला तरास? तुमी ऐतवारी दुपारी चारला या. कोनी नसतं. सगळी टाकी तुमची एकटीची. मॅडमला सांगते मी, त्या येतील तुमच्यासाठी म्हनून."

मी खूश झाले. हे लिहिताना मी स्वतःवरच दात-ओठ खाते, पण झाले खूश. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, बघा, माझ्यासाठी वेगळी वेळ काढली, मास्तरीणबाईसुद्धा स्वतंत्र. तो पिकअप चालवतो, कांदा, टोमॅटो, जे मिळेल ते बाजारात पोचवतो. तो म्हणाला, "वेगळी वेळ? बरं." एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी मी आईच्या शेतातला तांदूळ घेऊन गेले. आमच्या खाचरातला, हातसडीचा. उपकार झाला ना माझ्यावर. मालकीणबाईंनी पिशवीत नाक घालून वास घेतला आणि म्हणाल्या, तुमच्या डोंगरच्या भाताला वास लई भारी. पुढच्या पिकालाही मागितला. म्हणजे आमचा तांदूळ त्यांना पोटात चालत होता.

रविवारचं पाणी हिरवट असायचं. आठवडाभर सगळ्या बॅच त्यात पोहलेल्या. फिल्टर नावाला, भिस्त सगळी जंतू मारायच्या टीसीएल पावडरवर. तळाला माती, कोपऱ्यात केसांची गुंतवळ, एखादी चिकटपट्टी तरंगत यायची. मी बाहेर पडले की किसनदादा व्हॉल्व्ह सोडायचा, पाणी खालच्या उसाला जायचं आणि रात्रभर विहिरीवरची मोटर चालायची. मला वाटायचं, आठवड्याचा नेमच आहे. आठवड्याने पाणी बदलतात आणि माझा नंबर शेवटी लागतो, एवढंच. शेवटी नंबर लागायची आम्हाला सवय असते.

ट्रेनर मॅडमनी पहिल्या दिवशी मला पाण्यात सोडलं आणि हसायला लागल्या.

"अहो, काय म्हशीवानी पवताय? मुंडी घाला की पान्यात."

मला पोहता येत होतं. चांगलं येत होतं. पण आम्ही पोहायला शिकलो ते मजेसाठी नाही. आमच्या खोऱ्यात धरण झालं तेव्हा मी जन्मले नव्हते. वाडी पाण्यात गेली, भाताची खाचरं गेली, आमची माणसं वर डोंगराला सरकली. शाळा पाण्याच्या पलीकडे राहिली. वाटेने जायचं तर डोंगराला वळसा, त्यात अर्धी सकाळ जायची. म्हणून आम्ही पोरं पाण्यातून जायचो. लहानग्यांना ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसवायचं आणि मोठ्यांनी ती ढकलत पोहायचं. दप्तर खताच्या गोणीतल्या प्लास्टिकमध्ये बांधून डोक्यावर घ्यायचं. दप्तर भिजलं तर घरी मार, शाळेत मार. त्यामुळे काही झालं तरी मुंडी वर.

पलीकडे पोचलो की गुरुजी ओट्यावर उभं करायचे. "वाळल्याबिगर आत यायचं नाय. सतरंजी नासवाल." आम्ही वाळत उभे. पावसाळ्यात गावातली पोरंही भिजून यायची. ती तशीच आत जाऊन सतरंजीवर बसायची. त्यांनी सतरंजी नासायची नाही. मी पाढे शिकले ते खिडकीतून ऐकून, दात वाजत असताना. आणि त्यातही मला काही वावगं वाटलं नाही. ओल्या अंगाने सतरंजी ओली होतेच, असं मीच धाकट्या भावाला समजावायचे. आमच्या मनाचं हे असं करून ठेवलेलं असतं. अपमान ते करतात आणि त्याचं कारण आम्हीच शोधून देतो.

मॅडमचं बोलणं लागलं मला. पण त्या शिकवत होत्या ते खरं होतं. मुंडी वर ठेवली की कंबर खाली जाते, पाय बुडतात, मग माणूस पुढे जायचं सोडून पाणी खाली दाबत बसतो. माझं दुखणं तिथेच वाढत होतं. श्वासाला मुंडी उचलायची नाही, बाजूला वळवायची. एक कान पाण्यातच राहिला पाहिजे. हवा पाण्यात असतानाच सोडून द्यायची, म्हणजे तोंड वर आलं की नुसती घ्यायची राहते. हे सगळं समजायला सोपं. करायला गेलं की मान ताठ. पाणी कपाळाच्या वर आलं की माझा जीव घाबरा व्हायचा, जणू दप्तर भिजणार.

मी जिद्दीला पेटले. घरी बादली भरून त्यात तोंड घालून बुडबुडे सोडायचे, रोज, ड्युटीवरून आल्यावर. नवरा म्हणायचा, "बादलीत बुडून मेलीस तर पोलीस मला धरतील. आधी चिठ्ठी लिहून ठेव." कुर्ता-लेगिंग घालून पोहायचे तर कपड्यातच घमेलंभर पाणी भरायचं, म्हणून मोबाईलवरून पूर्ण बाह्यांचा काळा पोशाख मागवला. तो घरमालकिणीच्या नजरेला पडू नये म्हणून दोरीवर आधी पोशाख आणि त्याच्यावर साडी. केसांना खोबरेल लावलं की टोपी निसटायची, न लावलं की टीसीएलने केसांच्या काड्या व्हायच्या. गॉगलचे वळ डोळ्यांभोवती रात्रीपर्यंत राहायचे आणि वॉर्डातल्या बाया विचारायच्या, सिस्टर, रडलात का? मी म्हणायचे, नाही गं, पोहून आले. त्यांना ते खरंच वाटायचं नाही.

आणि एके दिवशी मुंडी गेली पाण्यात. आपोआप. पाय वर आले, कंबर हलकी झाली, फरशीवरची काळी पट्टी सरळ माझ्या खालून सरकत राहिली. मी भिंतीपर्यंत गेले आणि तिथे धरून उभी राहिले आणि खरोखर रडले. डोक्यावर काही ओझं नव्हतं आणि मला ते इतक्या वर्षांनी कळलं. कंबर मोकळी झाली हे तर झालंच. पण दिवसभर दुसऱ्यांच्या कळा ऐकणाऱ्या बाईला एक तास असा मिळाला होता की जिथे कोणी हाक मारत नव्हतं. तो तास माझा होता. त्याच्यासाठी मी हिरवं पाणी काय, चिखलसुद्धा चालवून घेतला असता. चालवून घेतच होते.

मग दवाखान्यात ड्युट्या बदलल्या. रविवारी दिवसभर मी लागले. मालकीणबाईंना म्हटलं, गुरुवार द्या. त्यांनी जरा वेळ घेतला. "बघते. मालकास्नी विचारते." दोन दिवसांनी फोन आला, गुरवारी दुपारी या. मी आभार मानले. पहिल्या गुरुवारी पाणी चांगलं निघालं. निळं. तळाची पट्टी स्वच्छ दिसली. मला वाटलं, चला, आपलं नशीब फिरलं. पुढच्या गुरुवारपासून ते पुन्हा हिरवट झालं, पण मला घरी जायची घाई, मागे काय होतं ते मी वळून पाहिलं नाही.

आणि आता मी खोल बाजूला भिंतीला पाय लावून तरंगत होते आणि पाणी उतरत होतं. आज गुरुवार होता. रविवार नाही.

मी पोहत किसनदादाच्या बाजूला गेले. तो खालच्याच गावातला, वय झालेला माणूस. माझ्याशी कधी वाकडं वागला नव्हता.

"दादा, पाणी रविवारी सोडता ना तुम्ही?"

तो चावीकडे बघत म्हणाला, "आधी ऐतवारी सोडायचो. तुमी गुरवार घेतला तवापून गुरवारी."

"का?"

"मला नका इचारू ताई. तुमचं झालं का सोडायचं, येवढं सांगितलंय मला. त्यांचं पावणं यायचंय उद्या सकाळी, टाकी भरायला वेळ लागतो, म्हनून लवकर सोड म्हनल्या."

बस. एवढंच. आवाज न चढवता, हातातली चावी न ठेवता त्याने सांगून टाकलं.

म्हणजे आठवड्याचा नेम वगैरे काही नव्हता. आठवडाभर सगळ्यांचा घाम, थुंकी, तेल, केस त्या पाण्यात जमा व्हायचे आणि ते सगळ्यांना चालायचं. फक्त मी उतरले की ते पाणी नासायचं. मी रविवारी आले, पाणी रविवारी बदललं. मी गुरुवारी आले, पाणी गुरुवारी बदललं. उद्या मी मंगळवार मागितला असता तर मंगळवारी. पाणी माझ्या मागे मागे फिरत होतं. ते घाण धूत नव्हते, मला धूत होते. दर आठवड्याला, अख्खी टाकी रिकामी करून, रात्रभर मोटर चालवून. आणि तोंडाने, सिस्टर, चहा घेता का.

मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलट शिवी देता येते. हे असं गोडीत, माझ्या पाठीमागे, माझ्यानंतर.

मला राग आला. शहाण्या बाईने अशा वेळी बाहेर पडून टॉवेल गुंडाळून घरी जायचं असतं आणि पुन्हा पाऊल ठेवायचं नसतं. त्यांना तेच हवं होतं. मी नाही निघाले. मी गॉगल लावला आणि पोहायला लागले. हात पुढे, थांब, दुसरा आला, ओढ. कोपर वर, बोटं पाण्याला घासत पुढे. पाणी उतरत होतं आणि मी पोहत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. फरशीची दुसरी ओळ उघडी पडली. तिसरी पडली.

पोहता पोहता मला दिसायला लागलं ते सगळं. यांची विहीर भरते कालव्याने. कालवा येतो धरणातून. धरणाच्या तळाशी आमची वाडी आहे, आजोबांचं खाचर आहे, त्याचे बांध उन्हाळ्यात पाणी आटलं की अजून दिसतात. आमच्या घरांवरून, आमच्या चुलींवरून, आमच्या देवाच्या दगडावरून जे पाणी आलं, ते यांच्या उसाला चालतं. यांच्या लॉनला चालतं, लग्नातल्या पंगतीला चालतं. आमचं सगळं बुडवून आलेलं पाणी पवित्र. त्याच पाण्यात मी उतरले की ते सोडून द्यायचं.

मालकीणबाईंचा फोन संपला होता. त्या उठून काठावर आल्या. "सिस्टर, निघा आता. पानी सोडलंय."

मी वळून परत निघाले. पाणी मांडीला आलं, मग त्याच्याही खाली गेलं, तरी मी आडवीच होते. उथळ बाजूला गुडघे खरवडले. तळहात फरशीला घासायला लागले तेव्हा थांबले आणि उभी राहिले. ऊन कलायला लागलं होतं. मी टॉवेल घेतला नाही. तशीच ओलीचिंब मालकीणबाईंपाशी गेले.

"काकी, पाणी कोणामुळे बदलता?"

"आता काय सांगू," त्या म्हणाल्या. "आमचं काय नाय ओ. बाकीच्या बायका."

"बाकीच्या कोण? नावं सांगा. मी त्यांच्याशी बोलते."

त्या पदराने फोनची काच पुसायला लागल्या.

"सुनेच्या खाटेपाशी होते तेव्हा बाकीच्या बायका कुठं होत्या?"

"त्ये येगळं, सिस्टर. दवाखान्यातलं येगळं असतं."

"बरं. मी उद्यापासून सहाच्या बॅचला येणार. रोज."

त्या घाईने म्हणाल्या, "रोज कसं जमंल? रोज कुठून पानी बदलायचं? येवढं पानी हाय का हिरीला?"

त्यांना कळलंसुद्धा नाही आपण काय बोलून गेलो ते. मला कळलं. मी म्हटलं, "नसेल तर माझ्या पाण्यात पोहा."

दुसऱ्या दिवशी सहाला मी गेले. टाकी काठोकाठ भरलेली, निळी. त्यांचे पाहुणे, रोजच्या बायका, सगळ्या पाण्यात. मी नळाखाली अंग धुतलं, टोपी घातली, शिडीने उतरले. आधी एक बाहेर निघाली, तिला म्हणे गोळा आला पायात. मग दुसरी. मग कोणी कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. पहिली लांबी पोहून मी भिंतीला हात लावला तेव्हा सगळ्या काठावर पाय दुमडून बसल्या होत्या. पायाची बोटंसुद्धा पाण्याला लागू नयेत अशा. त्यातल्या दोघींची बाळंतपणं माझ्या हातची.

ट्रेनर मॅडम शिट्टी गळ्यात घालून उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, आजचा सराव सांगा."

त्या जवळ वाकल्या आणि हळू म्हणाल्या, "मला नका यात वडू. माझी पन नोकरी हाय हितं."

मुंडी पाण्यात घालायला शिकवणाऱ्या बाईने स्वतःची मुंडी अशी खाली घातली. मला त्यांची कीव आली नाही. मी तरंगायची फळी घेतली आणि माझा माझा सराव केला. नुसते पाय मारत चार लांब्या, मग कुशीवर, मग पूर्ण. बाहेर पडताना मालक गेटवर बायकोला बजावत होते ते मला ऐकू आलं. "तिला तोंडावर काय बोलू नको. केस करील उगंच." त्यांना लाज वाटत नव्हती, कायद्याची भीती वाटत होती. ठीक आहे. तोवर भीतीवर भागवू.

शनिवारी मी गेले तर गेट ओढून घेतलेलं. मालकीणबाई आडव्या आल्या.

"टँक बंद हाय आज. पानी बदलतोय. तुमी आता पुढच्या हप्त्यात बघा."

मी आत पाहिलं. टाकी रिकामी होती. तळाची काळी पट्टी उघडी. खोल बाजूला विहिरीवरचा जाड पाइप सोडलेला, त्यातून पाणी धबाधबा पडत होतं आणि नुकतंच साठायला लागलं होतं. सहाच्या बॅचच्या दोन बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या, मी गेल्यावर काय ठरवायचं ते ठरवायला. त्यांचा बेत सरळ होता. मी यायची ती टाकी रिकामी असताना यायची. भरली की त्या. मग पुन्हा बंदची पाटी. असं करत करत बाई कंटाळेल, आपोआप सुटेल.

मी दवाखान्यात फोन केला आणि रजा सांगितली. पोशाख अंगात होताच. गेट लोटलं, मालकीणबाईंच्या शेजारून गेले आणि शिडीने खाली उतरले. शिडी संपली तिथून फरशीवर उडी टाकली. पाणी घोट्याएवढं होतं आणि बर्फासारखं गार. मी पाइपाच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिले. पाणी पोटावर आदळत होतं, तिथून खाली पडत होतं आणि साठत होतं.

"अहो सिस्टर, ह्ये काय? वर या. टाकी भरायचीये अजून."

"भरा की. मी नाही म्हणत नाही."

"सगळं पानी अंगाला लागतंय तुमच्या."

"लागू दे, काकी. तेवढ्यासाठीच उतरले."

त्यांनी किसनदादाला हाक मारली, मोटर बंद कर म्हणाल्या. तो मोटरीच्या पेटीपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. मालक फोन कानाला लावून फेऱ्या घालत होते. खुर्च्यांवरच्या दोघी उठल्या नाहीत, बसल्याही धड नाहीत. कोणी मला हात धरून वर काढायला पाण्यात उतरत नव्हतं. उतरणार कसे? पाणी मला लागलेलं होतं.

मोटर चालू राहिली. पाणी गुडघ्याला आलं. मग मांडीला. थंडीने माझे दात वाजत होते आणि मी हलत नव्हते.

बंद करा मोटर, मी कोरड्या फरशीवर उभी राहीन. टाकी रिकामी करा, मी पुन्हा उतरेन. कुलूप लावा, मी गेटवर त्या फलकाखाली उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगेन की कुलूप कोणामुळे लागलं. रजा संपली तर ड्युटी करून येईन. इथे आता एक थेंब असा साठणार नाही जो आधी माझ्या अंगावरून गेलेला नाही. ज्यांना पोहायचं आहे त्यांनी त्यातच उतरायचं.